‘स्लाव्ह’ हा शब्द कुठे, कसा आणि कोणासाठी वापरावा

युरोपविषयी मराठीत लिहिताना किंवा भाषांतर करताना ‘स्लाव्ह’ हा शब्द हटकून समोर येतो आणि तितक्याच हटकून चुकीच्या जागी जाऊन बसतो. कधी तो एखाद्या देशासाठी वापरलेला दिसतो, कधी धर्मासाठी, कधी लिपीसाठी, तर कधी ‘पूर्व युरोपातला कोणीतरी’ एवढ्या ढोबळ अर्थाने. मुळात हा शब्द भाषेच्या अंगाने आलेला आहे. एकाच आद्य भाषेतून फुटलेल्या भाषा त्या स्लाव्हिक भाषा आणि त्या बोलणारे समाज मिळून स्लाव्ह. एवढे पक्के धरले की पुढचे निम्मे गोंधळ होतच नाहीत.

आधी रूप ठरवा

छापील मराठीत स्लाव, स्लाव्ह, स्लाविक, स्लाव्हिक आणि स्लाव्होनिक अशी पाच रूपे तरी सापडतात. यांतले एकही पाप नाही. एकाच मजकुरात तीन रूपे येणे हे मात्र वाचकाला छळणे आहे. लोकांसाठी ‘स्लाव्ह’ आणि विशेषण म्हणून ‘स्लाव्हिक’ ही जोडी घ्यावी असे आम्ही सुचवतो. परभाषेतला दात-ओठ जुळवून येणारा उच्चार मराठीत ‘व्ह’ने दाखवायची सवय जुनी आहे, आणि पोलिश नावे लिहिताना ‘व’ आणि ‘व्ह’ यांतला फरक किती कामाला येतो ते पुढे दिसेलच.

‘स्लाव्ह’ हे नाम पुल्लिंगी, अकारान्त. एक स्लाव्ह, अनेक स्लाव्ह. स्लाव्हाने, स्लाव्हांनी, स्लाव्हांचा. स्त्रीलिंगी रूप घडवण्याच्या फंदात पडू नये. ‘स्लाव्ह स्त्री’ किंवा नेमके ‘सर्बियन स्त्री’ म्हणावे. ‘स्लाव्हिक’ हे विशेषण आहे, त्यामुळे ‘दोन स्लाव्हिक आले’ हे चूक. आणि त्यातला ‘इक’ आपल्या ‘धार्मिक’, ‘सामाजिक’मधला नव्हे, इंग्रजी विशेषणाचे शेपूट आहे.

‘स्लाव्होनिक’ ही ब्रिटिश वळणाची जुनी सवय. आज ते रूप एकाच जागी राखून ठेवावे: चर्च स्लाव्होनिक, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती उपासनेची भाषा. इतरत्र ते टाळण्याचे कारण असे की पूर्व क्रोएशियात स्लाव्होनिया नावाचा एक खराखुरा प्रदेश आहे आणि वाचकाचे लक्ष विनाकारण तिकडे जाते.

जोडशब्दांत एक मराठी सापळा आहे. ‘पूर्व’ म्हणजे दिशाही आणि आधीचा काळही. ‘पूर्वस्लाव्हिक’ असे जोडून लिहिले तर पूर्वेकडच्या भाषा अभिप्रेत आहेत की स्लाव्हिकच्या आधीची भाषा, हे कळत नाही. म्हणून दिशेसाठी ‘पूर्व स्लाव्हिक’ असे सुटे, मूळ भाषेसाठी ‘आद्य स्लाव्हिक’, आणि स्लाव्ह येण्याआधीच्या काळासाठी ‘स्लाव्हपूर्व’. नकारार्थी हवे असेल तर ‘स्लाव्हेतर’ हा संधी चांगला बसतो.

कोण आत

सुमारे ३० कोटी लोकांच्या मातृभाषा या कुळात येतात. अभ्यासक त्यांच्या तीन शाखा करतात.

पूर्व शाखेत रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी. कार्पेथियन डोंगरांच्या आसपास बोलली जाणारी रुसिन ही कोणी स्वतंत्र भाषा मानतात, कोणी युक्रेनियनची बोली.

पश्चिम शाखेत पोलिश, चेक, स्लोव्हाक, पोलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळची काशुबियन आणि सोर्बियन. सोर्बियनच्या दोन प्रमाण भाषा आहेत, उच्च आणि निम्न. दोन्ही पूर्व जर्मनीतल्या लुसाशिया भागात, बाउत्सेन आणि कोटबुस या शहरांच्या परिसरात जगतात. म्हणजे जर्मनीच्या पोटातही एक स्लाव्ह समाज आहे.

दक्षिण शाखेत स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, मॉन्टेनेग्रिन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन. इथे लिहिणाऱ्याने थांबून विचार करावा. क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन आणि मॉन्टेनेग्रिन बोलणारे एकमेकांशी दुभाष्याविना बोलतात. युगोस्लाव्हियाच्या काळात या भाषेला सर्बो-क्रोएशियन म्हणत. देश फुटला तशी नावेही वेगळी झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एकाच भाषेची चार प्रमाण रूपे आहेत असे म्हणणारे पुष्कळ आहेत. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने त्या चार भाषा आहेत आणि हा मुद्दा त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. युगोस्लाव्ह युद्धगुन्ह्यांसाठी हेग इथे स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाने तर यावर वेगळाच तोडगा काढला होता: तीन भाषांची आद्याक्षरे मांडून एकच संयुक्त नाव. तुमच्यासाठी व्यावहारिक नियम असा: १९९० च्या आधीचा संदर्भ असेल तर त्या काळचे नाव, नंतरचा असेल तर त्या माणसाने किंवा त्या देशाने स्वतःच्या भाषेला दिलेले नाव.

कोण बाहेर

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण नकाशा पाहून अंदाज बांधला जातो. हंगेरीच्या सात शेजारी देशांपैकी पाच स्लाव्हिक भाषांचे आहेत, पण हंगेरियन युरालिक कुळातली, फिनिशची लांबची नातलग. रोमानियन लॅटिनची लेक आहे. ‘हो’ म्हणायला तिथे ‘दा’ म्हणतात आणि स्लाव्हिक शब्दांची उसनवारी भरपूर आहे, तरी उसन्या शब्दांनी कूळ बदलत नाही. अल्बेनियन ही इंडो-युरोपियन कुळातली (संस्कृत, लॅटिन आणि स्लाव्हिक भाषा ज्यात येतात त्या मोठ्या कुळातली) स्वतंत्र शाखा. एस्टोनियन पुन्हा युरालिक. लिथुएनियन आणि लाटव्हियन या बाल्टिक भाषा. स्लाव्हिकला त्या सर्वांत जवळच्या, इतक्या की दोघींना मिळून ‘बाल्टो-स्लाव्हिक’ म्हणतात, पण लिथुएनियन माणसाला स्लाव्ह म्हणणे चूकच. जॉर्जिया आणि आर्मेनिया यांच्या भाषाही स्लाव्हिक नव्हेत; ते देश सोव्हिएत संघात होते एवढ्यावरून घोळ होतो.

उलटही खरे आहे. रशियाचा नागरिक म्हणजे स्लाव्ह असे नाही. तातार, चेचेन, याकुत हे सगळे रशियाचे नागरिक, स्लाव्ह एकही नाही. रशियन भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: ‘रुस्की’ म्हणजे रशियन वांशिक समाजाचा किंवा भाषेचा, ‘रोसियानिन’ म्हणजे रशियाचा नागरिक. मराठीत दोन्हीला आपण ‘रशियन’ म्हणतो, त्यामुळे गरज पडेल तिथे ‘रशियाचा नागरिक’ असे फोडून लिहावे.

‘पूर्व युरोप’ हा शब्दही ‘स्लाव्ह’च्या जागी चालत नाही. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग ही ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापेक्षा पश्चिमेला आहे. पूर्व-पश्चिम ही विभागणी शीतयुद्धाने मनात रुजवली. भाषांच्या सीमा तिच्याशी जुळत नाहीत.

आणखी एक खोच. देशाच्या किंवा समाजाच्या नावावरून भाषेचे मूळ ओळखू नका. बल्गार हे नाव तुर्किक भाषा बोलणाऱ्या टोळ्यांचे. त्यांनी ६८१ च्या सुमारास डॅन्यूबच्या दक्षिणेला राज्य उभारले, पण काही पिढ्यांत ते आसपासच्या स्लाव्हांत मिसळले. नाव तुर्किक उरले, भाषा स्लाव्हिक झाली. मॅसेडोनियाचे याच्या उलट दिशेने: अलेक्झांडर स्लाव्ह असणे शक्यच नाही, कारण स्लाव्ह बाल्कनात पोचले ते सहाव्या-सातव्या शतकात, म्हणजे त्याच्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी. आजची मॅसेडोनियन भाषा मात्र पक्की स्लाव्हिक आहे.

जुळ्या नावांचा घोळ

स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया यांची अदलाबदल जगभर होते, आणि ती केवळ निष्काळजीपणातून होत नाही. दोन्ही समाजांनी स्वतःसाठी तोच जुना शब्द ठेवला. स्लोव्हाक आपल्या देशाला ‘स्लोव्हेन्स्को’ म्हणतात आणि भाषेला ‘स्लोव्हेन्चिना’. स्लोव्हेनियन आपल्या देशाला ‘स्लोव्हेनिया’ आणि भाषेला ‘स्लोव्हेन्श्चिना’. स्लोव्हाक स्त्री ‘स्लोव्हेन्का’, स्लोव्हेनियन स्त्रीही ‘स्लोव्हेन्का’! दोन्ही झेंडे पांढरा-निळा-लाल आडव्या पट्ट्यांचे आणि वर ढाल. तेव्हा मूळ भाषेतला मजकूर भाषांतराला घेतला असेल तर नुसत्या शब्दावर विसंबू नका, राजधानी पाहा. ब्रातिस्लाव्हा असेल तर स्लोव्हाकिया, ल्युब्ल्याना असेल तर स्लोव्हेनिया. पहिला देश १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनातून झाला, दुसरा १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडला. तारखेवरूनही पटकन खातरी करता येते.

यावरून शुद्धलेखनाची एक खूण हाती लागते. ‘युगोस्लाव्हिया’त ‘स्ला’ आहे, कारण ‘युग’ म्हणजे दक्षिण (आपले युग नव्हे) आणि पुढे स्लाव्ह: दक्षिण स्लाव्हांची भूमी. ‘चेकोस्लोव्हाकिया’त ‘स्लो’ आहे, कारण तिथे चेक आणि स्लोव्हाक यांची जोडी आहे. ‘चेकोस्लाव्हाकिया’ आणि ‘युगोस्लोव्हिया’ ही दोन्ही रूपे याच गफलतीतून येतात. ‘दक्षिण स्लाव्ह’ आणि ‘युगोस्लाव्ह’ हे मात्र समानार्थी समजू नयेत. बल्गेरियन दक्षिण स्लाव्ह आहेत, पण त्यांचा देश युगोस्लाव्हियात कधीच नव्हता.

दुसरी जोडी सर्ब आणि सोर्ब. सर्ब बाल्कनातले, सोर्ब जर्मनीतले. दोघांची स्वतःसाठीची नावे सख्ख्या भावांसारखी आहेत, आणि जुन्या जर्मन कागदपत्रांत सोर्बांना ‘वेंड’ म्हटलेले असते. मराठीत एका काना-मात्रेचा फरक; मुद्रिते तपासताना तिथे डोळा ठेवावा.

शब्द आला कुठून

इतिहासात हे नाव सहाव्या शतकाच्या मध्यात दिसू लागते. इतिहासकार प्रोकोपियसने ग्रीकमध्ये ‘स्क्लावेनोई’ लिहिले, त्याच सुमारास योर्दानेस या दुसऱ्या इतिहासकाराने लॅटिनमध्ये ‘स्क्लावेनी’. मधला ‘क’ ग्रीकांनी घुसवला; शब्दाच्या सुरुवातीला ‘स्ल’ उच्चारणे त्यांच्या जिभेला जमत नव्हते. स्लाव्हांचे स्वतःचे रूप ‘स्लोव्हेने’. आज रशियनमध्ये ते ‘स्लाव्याने’, चेकमध्ये ‘स्लोव्हाने’, सर्बियनमध्ये ‘स्लोव्हेनी’, बल्गेरियनमध्ये ‘स्लाव्यानी’ असे आहे.

अर्थाविषयी तीन मते तुम्हाला वाचायला मिळतील. त्यांचे वजन सारखे नाही.

पहिले, ‘स्लोव्हो’ म्हणजे शब्द. तेव्हा स्लोव्हेने म्हणजे ‘ज्यांचे बोलणे आपल्याला कळते ते’. याच्या बाजूने मोठा पुरावा म्हणजे जर्मनांसाठीचा स्लाव्हिक शब्द. रशियन ‘न्येमेत्स’, चेक ‘न्येमेत्स’, पोलिश ‘न्येम्येत्स’: सगळ्यांच्या मुळाशी ‘मुका’ हा अर्थ. आपले ते बोलणारे, शेजारचे ते मुके. संस्कृतातला ‘म्लेच्छ’ही अस्पष्ट बोलणारा याच अर्थाने निघाला, त्यामुळे ही मनोवृत्ती आपल्याला परकी वाटू नये.

दुसरे, एखाद्या नदीच्या किंवा जागेच्या नावावरून. हे मत कोरडे वाटते, पण व्याकरणाचा आधार याला आहे: ‘स्लोव्हेनिन’ या एकवचनातला प्रत्यय स्लाव्हिकमध्ये बहुधा ठिकाणाच्या नावाला लागतो, जसे ‘गोरोद’ म्हणजे शहर, त्यावरून ‘गोरोझानिन’ म्हणजे शहरवासी. अडचण एवढीच की ती नदी किंवा जागा कोणती, यावर एकमत नाही.

तिसरे, ‘स्लाव्हा’ म्हणजे कीर्ती, म्हणून स्लाव्ह म्हणजे कीर्तिमंत. हे लोकव्युत्पत्तीचे काम. मूळ रूपात ‘स्लो’ असताना ‘स्ला’वरून अर्थ लावलेला आहे. भाषणाला शोभतो, कोशाला नाही. लेखात द्यायचाच तर ‘अशी एक समजूत आहे’ असे म्हणून द्यावा.

आता गुलामांचा प्रश्न. इंग्रजीतला गुलामासाठीचा ‘स्लेव्ह’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिन ‘स्क्लावुस’वरून आला, आणि ‘स्क्लावुस’ म्हणजे आधी स्लाव्ह. मध्ययुगात मध्य युरोपात आणि बाल्कनात पकडलेल्या स्लाव्हांचा व्यापार इतका झाला की समाजाचे नावच गुलामाचा शब्द होऊन बसले. जर्मन ‘स्क्लावे’, स्पॅनिश ‘एस्क्लावो’, फ्रेंच ‘एस्क्लाव’ सगळे त्याच वाटेने आले. इटालियन ‘चाव’ हा निरोपाचा शब्दही व्हेनिसच्या बोलीतल्या ‘मी आपला दास’ या नम्रतेतून निघाला. दिशा नीट लक्षात ठेवा: लोकांच्या नावावरून गुलामाचा शब्द झाला, गुलामीवरून लोकांना नाव पडले नाही. ‘स्लाव्ह म्हणजे मूळचे गुलाम’ हे वाक्य म्हणून वस्तुस्थितीलाही धरून नाही आणि सभ्यतेलाही. टंकलेखनात ‘स्लाव्ह’चे ‘स्लेव्ह’ होऊ नये यासाठी शेवटची नजर फिरवताना हा एक शब्द वेगळा शोधून पाहावा.

संस्कृतशी नाते: किती आणि कुठवर

मराठी वाचकाला या शब्दाची खरी गंमत इथे आहे. ‘स्लोव्हो’ आणि संस्कृत ‘श्रवस्’ एकाच मूळ इंडो-युरोपियन शब्दाचे वारस आहेत. धातू ऐकण्याचा, आपला ‘श्रु’. जे ऐकले जाते ते स्लाव्हिकमध्ये ‘शब्द’ झाले, वैदिक संस्कृतात ‘कीर्ती’. नाते केवळ ध्वनीचे नाही, रूपावलीचेही आहे. संस्कृतात श्रवस्, षष्ठीत श्रवसः. जुन्या चर्च स्लाव्होनिकमध्ये स्लोव्हो, षष्ठीत स्लोव्हेसे. मधला ‘स’ दोन्हीकडे तसाच उगवतो. आकाशासाठीही तेच: नभस्, नभसः आणि न्येबो, न्येबेसे.

विशेषनामांत तर हे नाते उघडेच पडते. मिरोस्लाव्ह, यारोस्लाव्ह, व्लादिस्लाव्ह, स्तानिस्लाव्ह यांतला शेवटचा भाग कीर्तीवाचक. आपल्याकडे भूरिश्रवा, विश्रवा, उच्चैःश्रवा. भूरिश्रवा कौरवांच्या बाजूने लढला आणि उच्चैःश्रवा घोडा होता, ते असो; नाव घडवण्याची रीत तीच. म्हणून ‘मिरोस्लाव्ह’मधल्या ‘स्लाव्ह’चा अर्थ ‘स्लाव्ह माणूस’ असा लावू नये. तिथे तो कीर्तीचा शब्द आहे.

आणखी काही जोड्या खातरीच्या आहेत: ब्रात आणि भ्राता, द्व्येर आणि द्वार, अगोन आणि अग्नी, म्योद आणि मधु, व्दोव्हा आणि विधवा, त्मा आणि तमस्, झ्नात आणि ज्ञा. पहिला शब्द दर वेळी रशियन, ढोबळ उच्चाराने दिलेला.

इथून पुढे मात्र पाय जपून टाकावा. यावरून ‘रशियन संस्कृतातून निघाली’ असा निष्कर्ष काढणारे मजकूर फिरत असतात. तो चूक आहे. दोघी बहिणी आहेत, आई-लेक नव्हेत. पडताळ्याचा सोपा नियम: शब्दाची एक जोडी सारखी दिसली तर तो योगायोग किंवा उसनवारी असू शकते, ध्वनींचा एकच नियम अनेक जोड्यांत पाळला जात असेल तरच नाते. ‘श्रवस्’मधल्या ‘श’च्या जागी स्लाव्हिकमध्ये ‘स’ येतो, तसाच ‘दश’च्या जागी ‘देस्यात’ आणि ‘शतम्’च्या जागी ‘स्तो’. असा धागा दाखवता येत नसेल तर ती जोडी लेखातून काढून टाकावी.

लिपी आणि धर्म यांना त्यांच्या जागी ठेवा

‘स्लाव्हिक लिपी’ नावाची एक लिपी नाही. रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, बल्गेरियन आणि मॅसेडोनियन सिरिलिक लिपीत लिहितात. पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन आणि सोर्बियन रोमन लिपीत. सर्बियन दोन्हींत. आणि सिरिलिक दिसली म्हणून भाषा स्लाव्हिक ठरत नाही. किरगिझ, ताजिक आणि मंगोलियाची मंगोलियन याही सिरिलिकमध्ये लिहिल्या जातात.

सिरिलिकचे श्रेय सरसकट संत सिरिलला दिले जाते, तेही दुरुस्त करून घ्यावे. सिरिल आणि त्याचा भाऊ मेथोडियस ८६३ मध्ये मध्य युरोपातल्या मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले तेव्हा त्यांनी स्लाव्हिकसाठी जी लिपी आणली ती ग्लागोलिटिक, दिसायला अगदी निराळी. सिरिलिक त्यानंतर बल्गेरियात, ग्रीक अक्षरांच्या आधाराने घडली आणि तिला सिरिलच्या सन्मानार्थ नाव मिळाले. सिरिल स्वतः ८६९ मध्येच वारला होता.

धर्माचे थोडक्यात: रशियन, सर्ब, बल्गेरियन बहुसंख्येने ऑर्थोडॉक्स, पोल, क्रोएट, स्लोव्हेनियन कॅथलिक परंपरेतले, बोस्नियाक मुस्लिम. सगळे स्लाव्ह.

नावे देवनागरीत आणताना

इंग्रजीत छापलेले नाव अक्षराला अक्षर लावून मराठीत उतरवले की बहुतेक वेळा चुकते. स्लाव्हिक भाषांच्या रोमन लिपीत साधा ‘सी’ म्हणजे ‘त्स’, ‘क’ कधीच नाही. माजी चेक राष्ट्राध्यक्ष हाव्हेल यांचे पहिले नाव म्हणून ‘व्हात्स्लाव्ह’. ‘वाक्लाव’ हे इंग्रजी डोळ्यांनी वाचलेले. याच ‘सी’वर छोटी उलटी टोपी असली की ‘च’. मराठी माणसाला हे दोन ध्वनी शिकावे लागत नाहीत: टोपी नसलेला ‘सी’ म्हणजे ‘चोर’मधला च, टोपीवाला म्हणजे ‘चहा’मधला च. दुर्दैवाने आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, म्हणून पहिल्यासाठी ‘त्स’ लिहिणे बरे. ‘एस’वर टोपी म्हणजे ‘श’.

पोलिशचा हिशेब वेगळा. तिथे ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘व्ह’, आणि आडवी रेघ मारलेला ‘एल’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ‘व’. ‘एस-झेड’ मिळून ‘श’, ‘सी-झेड’ मिळून ‘च’. १९९६ चे नोबेल मिळालेल्या कवयित्रीचे नाव त्यामुळे ‘व्हिस्वावा शिंबोर्स्का’ होते. ‘विस्लावा झिम्बोर्स्का’त तीन अक्षरे घसरली आहेत. त्या नावातही कीर्तीचाच शब्द आहे, फक्त पोलिशमध्ये त्याचा उच्चार ‘स्वावा’ झाला. पोलिशमध्ये स्लाव्हांना ‘स्वोव्ह्यान्ये’ म्हणतात तेही याच कारणाने.

अनेक स्लाव्हिक भाषांत स्त्रियांची आडनावे विशेषणांसारखी बदलतात, ‘चांगला’ची ‘चांगली’ व्हावी तशी. शारापोव्हची मुलगी शारापोव्हा, नव्रातिलच्या घरातली नव्रातिलोव्हा. पती-पत्नींविषयी लिहिताना दोघांना एकच रूप लावू नये, आणि आडनावे वेगळी दिसली म्हणून नाते नसेल असेही धरू नये.

युक्रेनच्या राजधानीबाबत मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘कीव’ लिहिले की ‘कीव येणे’ आठवते आणि ‘कीववर हल्ला’ हा मथळा विचित्र वाचला जातो. ‘कीव्ह’ लिहिल्याने हा प्रश्नही सुटतो आणि उच्चारही जवळ जातो.

वाक्यात बसवताना

साधा नियम: नेमका शब्द उपलब्ध असेल तर व्यापक शब्द वापरू नये. ‘ती स्लाव्हिक उत्तम बोलते’ हे ‘ती द्राविडी उत्तम बोलते’ म्हणण्यासारखे आहे. तिला पोलिश येते की बल्गेरियन, ते लिहावे. ‘स्लाव्हिक’ तेव्हाच, जेव्हा विधान खरोखर सगळ्या किंवा अनेक भाषांना लागू पडते.

आणि तसे विधान करण्याआधी बल्गेरियनला विचारून घ्यावे. ‘स्लाव्हिक भाषांत नामांना विभक्ती असतात’ हे पुष्कळ पुस्तकांत आढळणारे वाक्य. रशियनमध्ये सहा, पोलिश आणि चेकमध्ये सात आहेतही. पण बल्गेरियन आणि मॅसेडोनियनमध्ये नामांच्या विभक्ती जवळजवळ गेल्या आहेत. ‘बहुतेक स्लाव्हिक भाषांत’ एवढा फेरफार पुरतो. उलट द्विवचन, जे संस्कृतात होते आणि मराठीत उरले नाही, ते स्लोव्हेनियन आणि सोर्बियनमध्ये अजून चालू आहे. तिथेही ‘स्लाव्हिक भाषांत द्विवचन आहे’ असे सरसकट लिहू नये.

‘स्लाव्ह वंश’ हा जुन्या मराठी पुस्तकांतला प्रयोग आता टाळावा. रंगरूपाने ओळखता येईल असा एकसाची स्लाव्ह गट नाही, आणि विसाव्या शतकात नाझींनी स्लाव्हांना हीन वंश ठरवून जे केले त्याची छाया या शब्दावर आहे. ‘स्लाव्ह समाज’, ‘स्लाव्ह लोक’, ‘स्लाव्हिक भाषक’ यांपैकी काहीही चालेल. ‘स्लाव्हिक चेहरा’, ‘स्लाव्हिक मनोवृत्ती’ हेही त्याच पेटीत बंद करावे.

एकोणिसाव्या शतकातल्या राजकारणाबद्दल लिहिताना दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘सर्वस्लाव्हवाद’ म्हणजे सगळ्या स्लाव्हांच्या एकजुटीचा विचार. त्याची पहिली परिषद जून १८४८ मध्ये प्रागला भरली. ‘स्लाव्होफिल’ हा मात्र रशियातला विचारप्रवाह, रशियाने पश्चिमेचे अनुकरण न करता स्वतःच्या परंपरेवर चालावे असे मानणारा. पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिले की प्रागमध्ये जमलेले चेक एकदम रशियाचे अनुयायी ठरतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते मुळीच मान्य नव्हते.

मजकूर पुरा झाला की संगणकावर ‘स्लाव’ एवढाच शोध द्यावा. युनिकोडमध्ये ‘स्लाव्ह’ची सुरुवात त्याच अक्षरांनी होत असल्याने एका शोधात दोन्ही रूपे सापडतात आणि कुठे ‘व्ह’ राहून गेला ते दिसते. दुसरा शोध ‘स्लोव्ह’चा: प्रत्येक ठिकाणी तो स्लोव्हाक आहे की स्लोव्हेनियन, हे मुळाशी ताडून पाहावे. तिसरा ‘स्लेव्ह’चा. तिसऱ्यात गुलामीच्या शब्दाची चर्चा सोडून दुसरे काही सापडले, तर ती चूक समजून लगेच दुरुस्त करावी.